उत्क्रांती आणि आपल्या सड्यावरची भावकी

“आपण माकडापासून झालो काय?” हा प्रश्न आपल्या खेड्यांतील कितीतरी घरांत आज ना उद्या विचारला जातोच. विचारणारा बहुधा माध्यमिक शाळेत जाणारा मुलगा किंवा मुलगी असते, आणि उत्तर देण्याची पाळी आली म्हणजे आईबाप गोंधळून जातात. कोणी “असले प्रश्न विचारू नयेत” असे सांगून मुलाला गप्प बसवितो. कोणी “शाळेत सांगतात ते परीक्षेपुरते लिहावे आणि चर्चमध्ये सांगतात ते खरे मानावे” असा दुहेरी तोडगा काढतो. आमच्या मते हा दुसरा तोडगा पहिल्यापेक्षाही अधिक घातक होय. सत्याचे दोन कप्पे करण्याची सवय मुलाला एकदा लागली, की पुढे त्याचा दोन्ही कप्प्यांवरचा विश्वास उडतो.

हा प्रश्न आता घरावर अधिकच येऊन पडला आहे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने २०२३ साली दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला. बारावीच्या जीवशास्त्रात तो आहे. परंतु दहावीनंतर शाळा सोडणाऱ्या किंवा वाणिज्य शाखेकडे वळणाऱ्या मुलांच्या कानी तो तेथे पडणार नाही. ती मुले अर्धवट ऐकलेल्या गोष्टींवर आपले मत बनवतील. म्हणून उत्क्रांती म्हणजे नेमके काय, हे आईबापांनी स्वतः समजून घ्यावे, यासाठी हा लेख. सुदैवाने त्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. आपली बागायत, आपले शेत आणि आपला सडा ही तीन पुस्तके उघडी आहेत.

बाठा आणि कलम

रायवळ आंब्याचे एखादे गोड झाड घ्या. त्याचे दहा बाठे रुजत घातले, तर दहाही झाडे आंब्याचीच होतील. फणसाचे एकही होणार नाही. परंतु त्या दहांपैकी एकाचेही फळ हुबेहूब आईसारखे येईल, अशी खात्री कोणताही बागाईतदार देणार नाही. एकाचे फळ आंबट, दुसऱ्याचे रेषाळ, तिसरे झाड लवकर मोहरणारे, तर चौथे उशिरा. म्हणून तर मानकुराद जसाच्या तसा हवा असेल त्याने बाठा न लावता कलम बांधावे लागते. गोव्यात आंब्याच्या कलमांना जेझुइट धर्मगुरूंनी उत्तेजन दिले, हे इतिहासप्रसिद्धच आहे.

या साध्या अनुभवात उत्क्रांतीच्या दोन पायऱ्या आल्या. पहिली, संतती आईबापांसारखी असते. हिला आनुवंशिकता म्हणतात. दुसरी, संतती आईबापांची नक्कल नसते, तीत लहानसहान फरक असतात. हिला विविधता म्हणतात.

आनुवंशिकतेचे नियम प्रथम कोणी शोधून काढले, हे आपल्या वाचकांना कळले तर त्यांना आनंद होईल. ब्रनो येथील ऑगस्टिनियन मठातील धर्मगुरू ग्रेगोर मेंडेल यांनी १८५६ ते १८६३ या काळात मठाच्या बागेत वाटाण्याची सुमारे अठ्ठावीस हजार रोपे वाढवून, त्यांच्या बियांचे व फुलांचे रंग-आकार पिढ्यान्‌पिढ्या मोजून पाहिले. त्यांचा निबंध १८६६ साली छापला गेला. परंतु त्याचे मोल कोणाला उमगले नाही. १८८४ साली मेंडेल निवर्तले आणि १९०० साली जगाला त्यांचे नियम नव्याने सापडले. आईबापांचे गुण ज्या कणांवाटे मुलांकडे जातात, त्यांस आज आपण जनुके म्हणतो. पिढी पुढे सरकताना जनुकांची नक्कल केली जाते, आणि नकलाकाराच्या हातून एखादे अक्षर चुकावे तसे तेथेही क्वचित अक्षर बदलते. बहुतेक बदलांनी काहीच बिघडत नाही. काहींनी नुकसान होते. एखादा मात्र उपयोगी पडतो.

निवडणारा हात

तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या काठी आपली खाजन शेते आहेत. तेथे भरतीचे खारे पाणी शिरले की साधे भात करपून जाते. पण कोरगूट नावाचे जुने भात त्या खारटपणातही तग धरते. हे भात कोणी कारखान्यात बनविले नाही. ज्या लोंब्या खाऱ्या चिखलात टिकल्या, त्यांचेच बियाणे आपल्या पूर्वजांनी पुढच्या वर्षासाठी राखले. पुढच्या वर्षी पुन्हा तेच केले. अशा शेकडो पावसाळ्यांनंतर मीठ सोसणारे भात हाती आले. येथे निवडणारा हात शेतकऱ्याचा होता.

आता असा विचार करा, की निवडणारा हात कोणाचाच नाही, पण खारे पाणी मात्र आहे. जी रोपे मीठ सोसू शकत नाहीत ती बी धरण्यापूर्वीच मरतील. जी सोसू शकतात त्यांचेच बी पडेल. म्हणजे निवड आपोआपच होईल. हीच नैसर्गिक निवड. इंग्लंडचे चार्ल्स डार्विन व आल्फ्रेड रसेल वॉलेस हे दोघे स्वतंत्रपणे या विचारापाशी पोहोचले. १८५८ साली दोघांचे लेखन लंडनमधील लिनियन सोसायटीत एकत्र वाचण्यात आले, आणि पुढल्याच वर्षी डार्विन यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला.

येथे एक चुकीची समजूत दूर केली पाहिजे. कोणताही जीव “मला असे व्हायचे आहे” असे ठरवून बदलत नाही. भाताच्या रोपाने मीठ पचविण्याचा निश्चय केला नव्हता. फरक आधीपासून होतेच. परिस्थितीने त्यांतले काही राखले व काही टाकले. फरक कोणता येईल, हे सांगता येत नाही. पण कोणता टिकेल, हे मात्र परिस्थितीच्या कसोटीवर ठरते. म्हणून “उत्क्रांती म्हणजे केवळ योगायोग” असे म्हणणे हे अर्धसत्य होय.

“हे कोणी प्रत्यक्ष पाहिले आहे काय?” असे कोणी विचारील. पाहिले आहे, आणि दुर्दैवाने आपल्या घरांतही ते घडते. क्षयरोग्याच्या शरीरात असंख्य जंतू असतात. त्यांतील एखाद्दुसऱ्यात असा फरक असतो, की औषधाचा त्याच्यावर फारसा परिणाम होत नाही. औषधे पूर्ण मुदतीपर्यंत आणि ठरविल्याप्रमाणे एकत्र घेतली, तर असे चिवट जंतूही संपतात. परंतु दोन महिन्यांत खोकला थांबला म्हणून रोग्याने गोळ्या सोडल्या, तर दुबळे जंतू मेलेले असतात आणि चिवट तेवढे उरलेले असतात. पुढे तेच वाढतात, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला रोग लागला तर तो त्या चिवट जंतूंचाच लागतो. ही नैसर्गिक निवडच होय, आणि ती काही महिन्यांत घडते. डॉक्टर “गोळ्या मध्येच बंद करू नका” असे का बजावतात, हे ज्याला उत्क्रांती कळली त्याला पुरते कळते.

सड्याची शाळा

मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल या गावांच्या माथ्यावर पसरलेला सडा पेडण्याच्या लोकांना नव्याने सांगायला नको. वैशाखात जांभ्या दगडाची ही सपाटी तव्यासारखी तापते. मिरग लागला की तिच्यावर पाणी साचते, आणि श्रावण-भाद्रपदात तीच जमीन फुलांनी झाकून जाते. परक्या माणसाला सडा म्हणजे ओसाड माळ वाटतो. वस्तुतः तो जगण्याची फार कठीण परीक्षा घेणारी एक शाळा आहे. आठ महिने पाणी नाही, चार महिने पाणीच पाणी. आणि मातीचा थर इतका पातळ, की झाडाला लागणारे नत्र त्यात फारसे राहतच नाही.

या परीक्षेत कोण उत्तीर्ण झाले, ते कोकण-गोव्याच्या कोणत्याही सड्यावर पावसाळ्यात वाकून पाहावे. दीपकाडीचा कांदा वर्षातील बहुतेक काळ जमिनीखाली निजून राहतो आणि पहिल्या पावसाबरोबर पांढरी फुले वर काढतो. हिची एक जात कोकणपट्टीच्या जांभ्या सड्यांवाचून जगात अन्यत्र आढळत नाही. सीतेची आसवे म्हणून जी निळसर-जांभळी चिमुकली फुले आपण ओळखतो, त्यांच्या मुळाशी ओल्या मातीत बारीक फुगे असतात. ते सूक्ष्म जीवांना आत ओढून घेतात. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानांवरील केसांच्या टोकाला चिकट थेंब असतो. त्यावर बसलेला किडा अडकतो आणि पान त्याला पचवून टाकते. जमिनीत जे नत्र मिळत नाही, ते या वनस्पती किड्यांपासून मिळवितात.

असे शिकारी पान एकाएकी कसे झाले असेल? ते एकाएकी झालेच नाही. टोमॅटो आणि तंबाखू यांच्या पानांवरही चिकट केस असतात. ते पानाचे किडीपासून रक्षण करतात. अशाच केसांना अडकून मेलेल्या किड्यांतून ज्या झाडाला किंचित अधिक पोषण मिळाले, त्याचे बी नापीक जमिनीत किंचित अधिक पडले. पायरी लहान होती. पण प्रत्येक पायरी उपयोगाची होती, आणि पायऱ्यांसाठी वेळ अपार होता. पृथ्वीचे वय सुमारे साडेचारशे कोटी वर्षे आहे आणि तिच्यावर जीव आहेत त्याला साडेतीनशे कोटी वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आपल्या शंभर पिढ्यांत येशूच्या जन्मापर्यंत मागे जाता येते; येथे हिशेब कोट्यवधी पिढ्यांचा आहे.

भावकी कशी फुटते

येथवर एक जात बदलते कशी, ते पाहिले. एकीच्या दोन जाती कशा होतात?

मोपाहून सरळ रेषेत तीसेक किलोमीटरांवर आंबोली आहे. तेथील सड्यावर एक लहानसा, खरखरीत कातडीचा भेक राहतो. त्याच्या कुशीवर वाघासारखे पिवळे पट्टे असतात. शास्त्रज्ञांनी २००९ साली त्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. तेथून उत्तरेस दीडशे किलोमीटरांहून अधिक अंतरावर, कोयनेच्या परिसरात, त्याचा एक नातलग आहे. त्याची नोंद १९६३ सालीच झाली होती. जगात या कुळातले एवढेच दोन ज्ञात आहेत. दोघेही पावसाच्या उथळ डबक्यांत अंडी घालतात. जनुकांची तुलना केली तेव्हा ते एकमेकांचे सख्खे नातलग ठरले. एकाच पूर्वजाची वस्ती केव्हातरी तुटली. मध्ये दऱ्या राहिल्या. एकीकडचा फरक दुसरीकडे जाईना. दोन्ही बाजूंनी निरनिराळे फरक साचत गेले आणि अखेर दोन जाती झाल्या.

आपल्याकडे भावकी अशीच फुटत नाही काय? मूळ घर एक. एक भाऊ पेडण्यात राहिला, दुसरा सावंतवाडीकडे गेला. चार-सहा पिढ्यांनी बोलीत फरक पडला, रीतीत फरक पडला. आडनाव मात्र खूण म्हणून राहिले. सजीवांच्या शरीरातही अशा आडनावासारख्या खुणा राहतात.

देवगांडूळ हे त्याचे उत्तम उदाहरण होय. पावसाळ्यात कुदळ मारताना हा प्राणी क्वचित मातीतून वर येतो आणि लोक त्याला गांडूळ किंवा साप समजून मारतात. पण त्याला कवटी आहे, मणके आहेत, दात आहेत. तो बेडकाचा पाय नसलेला नातलग आहे. आपल्याकडच्या एका कुळात तर डोळे कवटीच्या हाडाखाली झाकलेले असतात. ज्याला अंधारातच राहायचे त्याला डोळे कशाला? परंतु त्याच्या पूर्वजांना डोळे होते, ही खूण पुसली गेलेली नाही. या कुळातली एक जात आंबोलीहून २००३ साली, एक सत्तरीतील केरी येथून आणि एक चोर्ल्याहून २००७ साली जगापुढे आली. डोंगर जवळजवळ, तरी जाती निराळ्या; कारण मातीतून हळूहळू सरकणारा हा प्राणी दऱ्याखोरी ओलांडून सहज जाऊ शकत नाही.

आणखी नवलाची गोष्ट अशी, की याचे जवळचे नातलग हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर आहेत. हे प्राणी खारा समुद्र पोहून जात नाहीत. भूशास्त्र सांगते, की भारत आणि सेशेल्स हे एकेकाळी एकाच भूखंडाचे भाग होते आणि सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ते एकमेकांपासून दुरावले. जमीन फुटली आणि भावकीही फुटली. दगडांनी सांगितलेली हकीकत आणि जनुकांनी सांगितलेली हकीकत एकमेकींशी जुळते. अशा हजारो साक्षी जुळल्या म्हणूनच उत्क्रांतीला सिद्धान्त म्हणतात. सिद्धान्त म्हणजे कोणाचा कयास नव्हे.

मग माकडाचे काय?

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. “माणूस आजच्या माकडापासून झाला” असे विज्ञान म्हणत नाही. चिंपांझी आपला आजोबा नाही; तो आपला दूरचा चुलतभाऊ आहे. साठ-सत्तर लाख वर्षांपूर्वी दोघांचा पूर्वज एक होता, एवढेच विज्ञानाचे म्हणणे आहे. आपल्यासारख्या माणसांचे सर्वांत जुने अवशेष आफ्रिकेत मिळाले असून ते सुमारे तीन लाख वर्षांपूर्वीचे आहेत.

“मग पहिला माणूस कोणत्या दिवशी जन्मला?” असेही मुले विचारतात. त्यांना लॅटिन भाषेचे उदाहरण द्यावे. पोर्तुगीज, इटालियन, फ्रेंच या तिन्ही लॅटिनच्या लेकी. परंतु लॅटिन बोलणाऱ्या आईच्या पोटी पोर्तुगीज बोलणारे मूल एके दिवशी जन्माला आले, असे कधी घडले नाही. प्रत्येक मूल आपल्या आईचीच भाषा बोलत होते. तरी हजार वर्षांनी भाषा निराळ्या झाल्या. देहांचेही तसेच झाले.

“उत्क्रांती” या शब्दानेही थोडा घोटाळा होतो. त्यात वर चढण्याचा भास आहे. जणू गांडूळ तळाच्या पायरीवर आणि माणूस माथ्यावर. खरे पाहता ही शिडी नसून अनेक फांद्यांचे झाड आहे. सीतेची आसवे आणि देवगांडूळ हे काही मागे राहिलेले विद्यार्थी नव्हेत. आपापल्या परीक्षेत तेही आपल्याइतकेच उत्तीर्ण झालेले आहेत.

श्रद्धेला धोका आहे काय?

ख्रिस्तसभेने या बाबतीत काय सांगितले, ते थोडक्यात सांगू. पोप बारावे पायस यांनी १९५० साली आपल्या परिपत्रात सांगितले, की मानवी देह आधीच्या सजीव द्रव्यापासून झाला काय, याचा शोध विद्वानांनी अवश्य घ्यावा. आत्मा मात्र साक्षात परमेश्वर निर्माण करतो, हे श्रद्धावंतांनी धरून राहावे. १९९६ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी, हा विचार आता निव्वळ तर्क राहिलेला नाही, अशा आशयाची मान्यता दिली. २०१४ साली पोप फ्रान्सिस यांनीही, सृष्टीची निर्मिती आणि तिची उत्क्रांती यांत विरोध नाही, असेच सांगितले. आणि पुष्कळ शतकांपूर्वी संत ऑगस्टीन यांनी, देवाने सृष्टीत बीजरूप शक्ती घातल्या व त्या यथाकाल प्रकट झाल्या, असा विचार मांडला होता. त्यांना आजचे विज्ञान माहीत नव्हते, हे खरे. परंतु सृष्टी क्रमाक्रमाने उलगडली म्हणून देवाचे देवपण कमी होते, अशी भीती त्यांना वाटली नाही.

उत्पत्तीचे पुस्तक सृष्टी कोणाची आणि कशासाठी, हे सांगते. जीवशास्त्र ती कोणत्या क्रमाने व कोणत्या नियमाने घडत आली, हे शोधते. बाठ्याला मोड कसा फुटतो, हे समजले म्हणून आंब्याबद्दल देवाचे आभार मानणे कोणी सोडत नाही. विज्ञान आत्म्याचे वजन करू शकत नाही आणि धर्मशिक्षकाने देवगांडुळाचे मणके मोजू नयेत. प्रत्येकाने आपली हद्द ओळखावी, म्हणजे भांडण उरत नाही.

एवढे तरी करावे

मोपाच्या सड्याचा मोठा भाग आज विमानतळाखाली आहे. त्याला मिळालेली पर्यावरण परवानगी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये फेरविचारासाठी परत पाठविली होती. जानेवारी २०२० मध्ये अटी घालून काम पुढे चालू झाले आणि ५ जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. काहींना त्यातून रोजगार मिळाला, काहींची कुळागरे व चराऊ जमीन गेली; त्याचा वाद येथे मांडावयाचा नाही. परंतु उत्क्रांती समजलेल्या माणसाने एक गोष्ट विसरू नये. तोडलेले झाड पुन्हा लावता येते, पडलेले घर पुन्हा बांधता येते. संपलेली जात मात्र पुन्हा येत नाही. लाखो वर्षांच्या निवडीने जे घडले, ते माणसाच्या चार पिढ्यांत पुन्हा घडणार नाही. आंबोलीचा तो भेक आज अतिसंकटग्रस्त जातींच्या यादीत आहे आणि पावसाळी रात्री रस्त्यावर वाहनाखाली चिरडला जाणे, हे त्याच्यावरचे एक संकट आहे.

म्हणून येत्या पावसाळ्यात गावाजवळ जो सडा उरला असेल, तेथे मुलांना घेऊन जावे. सीतेची आसवे व दवबिंदू त्यांना वाकून पाहू द्यावे. उपटू देऊ नये. उन्हाळ्यात सड्याला वणवा लावू नये. देवगांडूळ दिसले तर मारू नये, मातीत परत जाऊ द्यावे. घरात कोणी क्षयाची औषधे घेत असेल, तर शेवटच्या गोळीपर्यंत लक्ष ठेवावे. आणि मुलाने तो प्रश्न विचारला, तर त्याला गप्प बसवू नये. त्याला जवळ बसवावे आणि सांगावे, “बाळ, माकड आपला पूर्वज नव्हे, पण आपला नातलग खरा, सड्यावरचे गवतसुद्धा दूरचे नातलगच. देवाने ही भावकी फार मोठी केली आहे आणि ती सांभाळण्याची बुद्धी आपल्याला दिली आहे.”